तीन घरांचं एकच जोतं

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, पण वाचकाला जड होऊ देऊ नका." मी म्हटलं, माझ्या कामात गमती फारशा नाहीत, वैताग मात्र भरपूर आहे. ते म्हणाले, "मग तोच लिहा, दिवाळीत सगळं चालतं." तेव्हा हा वैताग आहे. कॉम्प्युटरचं नाव काढलं की ज्यांना जांभई येते त्यांनी घाबरू नये. यात कॉम्प्युटर थोडा आणि माणसं जास्त आहेत. माणसं नसती तर माझं काम केव्हाच आटपलं असतं आणि मी रेवदंड्याच्या घरी पडवीत बसून वाल सोलत असते.

आधी धंदा काय ते सांगते. पूर्वी एखाद्याने वेबसाइट करून घेतली की तो करणाऱ्याच्या तावडीत सापडायचा. 'आमच्याकडे आंबापोळी मिळेल' एवढी एक ओळ घालायची तरी फोन करा, मागे लागा, आणि ओळ चढेपर्यंत आंबे संपलेले. यावर उपाय म्हणून कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम नावाची सोय निघाली. साइटच्या मालकाने स्वतः आत जायचं, हवं ते लिहायचं, फोटो चढवायचे, बटण दाबायचं, झालं. अशा बऱ्याच सिस्टीम ओपन सोर्स असतात, म्हणजे त्यांचा नकाशा उघडा असतो. कुणीही घ्या, बदला, दुसऱ्याला द्या. घरोघरी आमटीची पद्धत वेगळी असते तसं मग प्रत्येकाचं वेगळं काहीतरी तयार होतं, आणि प्रत्येकाला आपलीच आमटी खरी वाटते.

आमच्या भागात अशा तीन आमट्या शिजल्या. बोर्लीच्या नंदूने हॉटेलात काम करता करता शिकून 'वाडी' नावाची सिस्टीम केली. घरगुती खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या लोकांसाठी ती होती. पेणच्या बाजूला शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मोकल सरांनी शाळांसाठी 'पाटी' केली. आणि आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या जयेंद्रने मच्छीमार सोसायट्यांसाठी 'धक्का' केली. हवामानाचा इशारा, बर्फ आला की नाही, सभा कधी, कोणती होडी कुणाची, हे सगळं तिच्यात असायचं. तिघं हुशार, तिघं कष्टाळू, तिघंही एक पैसा न घेता आपलं काम जगाला वाटायला तयार. आणि तिघंही एकाहून एक हट्टी.

मी तेव्हा मुंबईची नोकरी सोडून कायमची गावी आले होते. कितीतरी वर्षं मांडव्याहून लाँचने ये-जा केली, बँकांच्या कॉम्प्युटरची कामं केली. आता शांतपणे राहू म्हटलं, तर तिघांनीही मला दुरुस्तीला धरलं.

नंदूच्या 'वाडी'त एक भोक सापडलं. पासवर्ड विसरलो असं सांगून कुणीही दुसऱ्याच्या नावाने आत शिरू शकत होता. मी ते बुजवलं. पुढच्या आठवड्यात सरांनी 'पाटी' बघायला दिली, तर तिच्यात तेच भोक. मनात शंका आली म्हणून 'धक्का' उघडून बघितली. तिथेही तेच. तिघांनी तो भाग इंटरनेटवरच्या एकाच ठिकाणाहून उचलला होता, मग आपापल्या परीने बदलला होता, त्यामुळे एकच भोक मला तीन वेगळ्या तऱ्हांनी बुजवावं लागलं. त्या दिवशी मी वैतागून म्हटलं, अरे, तुमची घरं वेगळी असू देत, पण खालचं जोतं तरी एक करा!

जोतं म्हणजे घराचा चौथरा. साइट कुणाचीही असो, खालचा भाग सारखाच असतो: आत येणारा कोण, त्याला काय बदलायची मुभा, फोटो कसा चढतो, आज तारीख काय. या सामाईक भागाला फ्रेमवर्क म्हणतात. तो एकदाच नीट करायचा आणि त्यावर तिघांनी आपापलं घर बांधायचं. मग भोक पडलं तर एकदाच बुजवायचं. ऐकायला किती सरळ वाटतं! मलाही सरळच वाटलं होतं. त्या सामाईक भागाचं नावच आम्ही 'जोतं' ठेवलं.

मला घाई होती ती दिवेआगरच्या सुलभाताईंमुळे. त्यांचे यजमान आधीच गेलेले. मग वादळ आलं आणि वाडी आडवी झाली. माड गेले, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या होत्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला वर्षं जातात. तोवर ताईंच्या हातात उरल्या घरामागच्या दोन खोल्या आणि नंदूने करून दिलेली साइट. त्यांचा मुलगा खारघरला असतो. तो सारखा म्हणायचा, "आई, खोल्या त्या मुंबईच्या कंपनीला देऊन टाक. चाव्या दिल्या की तुझी कटकट संपली." कंपनी आपली माणसं ठेवणार, आपला रंग देणार, आपली पाटी लावणार. ताई मला म्हणाल्या, "वैजू, म्हणजे माझ्याच अंगणात आलेल्या माणसाला चहा विचारायला मी त्यांची परवानगी मागायची का गं? तुमची साइट नीट चालली तर मी चाव्या देणार नाही. नाही चालली तर मात्र माझा इलाज नाही." मी छातीठोकपणे म्हटलं, चालेल.

जोत्याची पहिली बैठक नागावला नंदूच्या एका गिऱ्हाइकाच्या पडवीत झाली. एक जोतं हवं यावर चहा यायच्या आत एकमत झालं. मग मी विचारलं, "साइटवर जो माणूस नाव नोंदवतो त्याला जोत्यात काय म्हणायचं?" झालं! नंदू म्हणाला, पाहुणा. सर म्हणाले, पालक. जयेंद्र म्हणाला, सभासद. जेवणाची वेळ झाली तरी पाहुणा, पालक आणि सभासद एकमेकांच्या उरावर बसलेले. शेवटी मी ओरडले, "माणूस म्हणा! तिघंही माणूसच आहेत ना?" यावर सरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, आणि संस्थेच्या नावाने नोंदणी झाली तर?" मी उठून आत पाणी प्यायला गेले.

मग निघाला मालकाचा प्रश्न. जयेंद्रचं म्हणणं होतं की एका वस्तूला अनेक मालक असतात हे जोत्यातच हवं. "ताई, आमच्याकरं एके होरीला चार चार मालक. दोघं भाव, एक मेवना, एक येगलाच. सगल्यांना निरोप गेला पायजे." नंदू म्हणाला, आमच्याकडे खोलीला मालक एकच असतो, ही भानगड माझ्या घरात नको. एका होडीला अनेक मालक असण्याची ती सोय मग जयेंद्रने आपल्या 'धक्का'तच ठेवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन नियम ठरले. तिघांनाही लागेल तेच जोत्यात घालायचं, आणि एकाने काही घातलं तर दुसऱ्या कुणीतरी ते तपासून हो म्हणायचं. नियम चांगले होते. पण आपल्याकडे आपल्या माणसाला नाही म्हणायचं कसं, याचा नियम कुणी केलेला नाही. "ताई, एवढंसंच आहे, टाकू ना जोत्यात?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कुणी 'एवढंसं' म्हटलं तरी मी कॉम्प्युटर बंद करते. एका गावच्या सरपंचांना शाळेच्या साइटवर आपला फोटो मुख्याध्यापकांच्या फोटोपेक्षा मोठा हवा होता. सरांना त्यांचं मन मोडवेना, म्हणून त्यांनी 'मानाचा फोटो' अशी सोयच जोत्यात घालून दिली. दुसऱ्या दिवशी दिवेआगरच्या एका साइटवर उकडीच्या मोदकांचा फोटो पान भरून आला आणि खोल्यांचे फोटो तिकिटाएवढे झाले. नंदूने मोदकांना मान दिला नव्हता, पण वरचा पहिला फोटो मानाचा धरायचा असं सरांनी ठरवून टाकलं होतं. ते काढायला सरांना राजी करता करता माझा घसा बसला.

तरीसुद्धा जोतं चाललं. ज्यांना यातलं काही कळत नव्हतं त्यांच्या साइट बिनबोभाट चालू राहिल्या, आणि आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. एक भोक निघालं तर मी एकदाच बुजवायचे आणि तिन्ही घरं सुरक्षित व्हायची. सुलभाताईंच्या खोल्या शनिवार-रविवार भरू लागल्या. कंपनीचा माणूस अधूनमधून फेरी मारून जायचा, ताई त्याला कोकम सरबत द्यायच्या आणि चाव्यांचा विषय टाळायच्या. मला आतून फार बरं वाटायचं.

आणि मग जयेंद्रने दिवस बदलला.

हे नीट समजून घ्या, कारण हा घोळ आमच्याच लोकांकडून होऊ शकतो. दर्यावर जाणारी माणसं तिथीवर चालतात. भरती-ओहोटी, पुनवेचं उधाण, अष्टमीची लहान, भांगाची भरती, सगळं तिथीवर. आणि तिथी धरायची ती सूर्योदयाची. शिवाय पहाटे तीनला होडी सुटली तर खलाशाच्या दृष्टीने ती 'आज रात्री' सुटली. 'धक्का'वर सूचना असायची, 'आज रात्री वारा आहे, होड्या काढू नयेत', आणि बाराचा ठोका पडला की सिस्टीम म्हणायची, ती कालची सूचना, आता लागू नाही. पहाटे निघणाऱ्याला इशारा दिसायचाच नाही. ही खरोखर जिवावरची गोष्ट होती आणि जयेंद्रने ती दुरुस्त केली यात त्याचं काहीच चुकलं नाही. फक्त त्याने ती 'धक्का'त न करता जोत्यात केली. आज तारीख काय हे जिथे ठरतं, तिथेच त्याने लिहून टाकलं की दिवस सूर्योदयाला बदलतो.

मी तेव्हा भाचीच्या लग्नाला पुण्याला होते. नियमाप्रमाणे तपासायला गेलं मोकल सरांकडे. सरांनी बघितलं आणि हो म्हटलं. नंतर मी विचारलं, "सर, तुम्हाला यात काहीच खटकलं नाही?" सर म्हणाले, "मॅडम, पंचांगात तसंच असतं की." नंदूलाही कळवलं होतं. त्यालाही ते रास्तच वाटलं. आपण सगळे लहानपणापासून दिवस उगवतो असंच म्हणत आलो आहोत. तिघांनी करून बघितलं ते भर दुपारी, आणि दुपारी सगळ्यांचा दिवस एकच असतो. पावसाळाभर तर कुणाला पत्ताच लागला नाही, कारण पावसाळ्यात मध्यरात्रीनंतर दिवेआगरची खोली कोण घेतो?

दिवाळीच्या सुट्टीत घेतात. पुण्याच्या एका गृहस्थांनी रात्री एक वाजता घरातल्यांचा बेत ठरल्यावर 'आजची' खोली घेतली, म्हणजे सकाळी निघून दुपारी पोहोचायचं. जोत्याच्या मते अजून उजाडलं नव्हतं, म्हणजे अजून कालच होता. त्याने इमानदारीत खोली कालच्या रात्रीसाठी अडवली. जी रात्र अर्धी सरली होती ती भरली आणि येणारी रात्र मोकळी राहिली. सकाळी ठाण्याच्या एका कुटुंबाने तीच मोकळी रात्र घेतली. दुसरी खोली आधीच गेलेली होती. दुपारी सुलभाताईंच्या फाटकाशी दोन गाड्या उभ्या राहिल्या, एका खोलीसाठी.

ताईंनी मला नंतर सगळं सांगितलं. पुण्याचे गृहस्थ हातातला मोबाइल नाचवत होते, ठाण्याच्या बाई पायरीवर बसून राहिल्या होत्या, पोरं रडत होती. ताई दोघांची समजूत घालत होत्या, माझी आतली खोली घ्या म्हणत होत्या. कुणी ऐकेना. पुण्याचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "एक खोली दोघांना विकता? ही फसवणूक आहे!" आणि तिथेच उभं राहून त्यांनी ते साइटवर, ताईंच्या घराच्या फोटोखाली लिहूनही टाकलं.

तेवढ्यात शेजारून बापू आले. बापू म्हणजे ताईंचे धाकटे दीर. वाडीची वाटणी झाली तेव्हा बांधावरच्या एका माडावरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. तो माड वादळात गेला, अबोला तसाच राहिला. बापूंनी ताईंकडे बघितलंही नाही. पुण्याच्या गृहस्थांच्या दोन बॅगा उचलल्या, "या," एवढंच म्हणाले आणि बांध ओलांडून आपल्या घरी चालू लागले. बॅगांच्या मागे पोरं गेली, पोरांच्या मागे गृहस्थ गेले. बापूंनी त्यांना आपली माडीवरची खोली दिली. संध्याकाळी ताईंनी पोरांसाठी म्हणून एका ताटात घावन आणि नारळाचा रस पाठवला. ताट घासून, त्यात चार शहाळी घालून परत आलं. दोन्ही वेळेला बोलणं शून्य.

मला फोन आला तेव्हा ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वैजू, मला फसवी म्हणाले गं. इतकी वर्षं या घरातून कुणी उपाशी गेलं नाही. मुलगा कंपनीवाल्याला घेऊन पंधरवड्याने येतोय. आता काय सांगू त्याला?"

मी तिघांना जयेंद्रच्या घरी बोलावलं. ही आमची शेवटची बैठक. नंदू आला तोच पेटलेला. "मध्यरात्री बाराला तारीख बदलते, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

जयेंद्र फाटलेलं जाळं तुणत बसला होता, त्याने मानही वर केली नाही. "बारा वाजता कंचा दिवस बदलतंय? कोनी बगलाय? बाराला काळोख, एकला काळोख. दिस उगवताना समद्यांना दिसतो."

"माझ्या गिऱ्हाइकांना धंदा करायचाय, सूर्य बघायचा नाही!"

"आनि माझ्या गिऱ्हाइकांना जित्ता परत याचाय."

सर म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. अशा वेळी दोघांचं बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाला खाडीत ढकलावंसं वाटतं. नंदू उठला, जोत्याची एक नक्कल काढून घेतो आणि माझं मी बघतो म्हणाला, आणि गेला. ओपन सोर्समध्ये याला पूर्ण मुभा असते. नकाशा उघडाच असतो, कुणीही आपली प्रत घेऊन वेगळा होऊ शकतो. तो गेल्यावर जयेंद्र म्हणाला, "मंग मी पन माझा येगला घेतो." सरांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे तेही घेणार. इतक्या वर्षांचं जोतं एका दुपारी तीन ठिकाणी फुटलं. मी भरल्या घरात रडले नाही, पण रस्त्याला लागल्यावर रडले, उगाच खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मी दिवेआगरला निघाले. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे दिघीला उतरायचं. संपूर्ण वाटेत मी ताईंना काय सांगायचं याची तयारी करत होते. सांगायला होतंच काय? नंदूने त्याच्या प्रतीत तारीख पूर्ववत केली होती, पण पुढचं भोक पडेल ते त्याच्या एकट्याच्या हातून बुजणार नव्हतं, आणि मला तीन फुटक्या जोत्यांमागे धावण्याचं बळ उरलं नव्हतं. ताईंना चाव्या द्याव्या लागल्या तर त्यात माझ्या छातीठोक शब्दाचा वाटा असणार होता.

ताईंनी चहा दिला, दोष दिला नाही. मी मागच्या दारी विहिरीपाशी जाऊन बसले. ती विहीर दोन्ही वाड्यांच्या बांधावर आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून सामाईक. पंपही एकच. बापू पाणी लावून परत आले, पंप बंद केला, कठड्यावरची बादली पालथी घातली आणि निघून गेले. थोड्या वेळाने ताई आल्या, बादली सुलटी केली आणि आपल्या बाजूचा पाइप जोडला.

"हे काय?" मी विचारलं.

"बादली पालथी म्हणजे त्यांची पाळी संपली."

"आणि पंप बिघडला तर?"

"ज्याच्या पाळीत बिघडेल तो नीट करून आणतो. बोलायचंय काय त्यात?"

"त्यांनी कधी विहिरीत काही बदल केला? पंप हलवला वगैरे?"

ताईंनी माझ्याकडे खुळ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "विहिरीला कशाला हात लावतील? काय करायचं ते आपल्या वाडीत करतात. त्यांनी ठिबक लावलंय, मी पाट ठेवलेत."

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. वर्षानुवर्षं मी त्या तिघांना एकत्र बसवत होते, चहा पाजत होते, एकमत घडवत होते. प्रत्येक बैठकीत ते एकमेकांची मनं राखायचे नाहीतर एकमेकांची डोकी खायचे, आणि दोन्ही वेळेला जोत्यात नको ते शिरायचं. आणि इथे दोन माणसं एकमेकांचं तोंड न बघता एक विहीर सांभाळत होती, वादळाच्या वर्षीसुद्धा एक पाळी चुकलेली नव्हती. जाता जाता सांगते, ती पाळी उजाडल्यावर बदलते. हे मी जयेंद्रला अजून सांगितलेलं नाही.

येताना बोर्लीला थांबले. नंदू मला बघून म्हणाला, "ताई, मी त्याच्याशी बोलणार नाही." मी म्हटलं, "बोलूच नकोस. आयुष्यात बोलू नकोस. मी बैठकाच बंद केल्यात." त्याला हे अपेक्षित नव्हतं. मग मी त्याला सांगितलं. जोतं फक्त घड्याळ सांगेल. दिवस बाराला बदलायचा की सूर्याला, ते ज्याने त्याने आपल्या घरात ठरवायचं. जोत्याची देखभाल पाळीने. ज्याची पाळी त्याच्या वेळेत जे बिघडेल ते त्याने नीट करायचं आणि पाळी संपली की बादली पालथी घालायची. तिघांचं मिळून एक पान असतं, त्यावर एक खूण करायची, बस. 'एवढंसं' काही सुचलं तर ते आपल्या वाडीत. नंदूने डोळे चोळले. एका रात्रीतच एकट्याने प्रत सांभाळताना त्याचा जीव मेटाकुटीला आला होता हे त्याच्या डोळ्यांवरूनच दिसत होतं. शेवटी म्हणाला, "पहिली पाळी माझी नको."

सर आणि जयेंद्रला मी वेगवेगळं गाठून हेच पटवलं, आणि पहिली पाळी सरांनी घेतली. त्यांनी पालथ्या बादलीचं चित्रसुद्धा काढून चढवलं, बादलीला कडी काढायला विसरले नाहीत. तारखेवरून जेवढा वाद झाला त्या मानाने ती दुरुस्ती किरकोळ निघाली, दुपारच्या जेवणाआधी झाली. पुढे फोटो चढवण्याच्या भागात मोठं भोक निघालं, जगभर पुष्कळ साइटवर जुगाराच्या जाहिराती शिरल्या. तेव्हा पाळी जयेंद्रची होती. त्याने ते बुजवलं आणि नंदूच्या सगळ्या साइट त्याच दिवशी सुरक्षित झाल्या. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत ते नाहीतच. पूर्वी हेच दोघं सुरमई खायला एकत्र बसायचे आणि मला फोन करून चिडवायचे. ते गेलं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. जोतं वाचलं, पण मैत्रीला कुठलं जोतं घालायचं ते मला येत नाही.

मध्ये पंधरवडा होऊन गेला होता. कंपनीच्या माणसाचं काय झालं हे विचारायचा मला धीर होत नव्हता. एका सकाळी ताईंचाच फोन आला.

"वैजू, त्या फसवणूकवाल्यांनी लिहिलेलं बदललंय बघ. बापूंच्या माडीवरून समुद्र दिसतो म्हणे, फार आवडलं त्यांना. मे महिन्यात परत यायचं म्हणतायत."

"आणि कंपनीवाला?"

"आला होता. सरबत दिलं आणि सांगितलं, चाव्या नाही मिळायच्या. मुलगा दोन दिवस घुम्यासारखा होता, मग आपणच खोलीला रंग काढत बसला." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक काम कर. बापूंची माडीवरची खोली साइटवर चढव. माझ्याच पानावर."

"त्यांना विचारलंत?"

"मी कशी विचारणार? कठड्यावर बादलीखाली त्यांनी माडीच्या कुलपाची चावी ठेवली होती. म्हणजे हो."

"बरं. मालक म्हणून नाव कुणाचं घालू?"

"दोघांचं घाल. आणि बुकिंग आलं की दोघांना कळव. वेगवेगळं कळव हं. आम्ही बोलत नाही."

एका वस्तूचे दोन मालक! ही सोय नंदूला कधीच नको होती आणि जयेंद्रच्या 'धक्का'त ती पहिल्या दिवसापासून होती. मी जयेंद्रकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो हसला. "खोलीला दोन मालक? मंग ती होरीच झाली ना ताई!" दोन दिवसांत त्याने ते साफसूफ करून जोत्यात ठेवलं. 'पाटी'लाही ते लागत होतंच, आई-वडील वेगळे राहत असले तर शाळेने निरोप कुणाला द्यायचा यावरून सर कधीचे अडून बसले होते. तेव्हा नियमात बसलं.

नंदूला मी ताईंचा निरोप कळवला होता, त्याने काय केलं ते बघायला मी सकाळी उठल्या उठल्या कॉम्प्युटर उघडला. सुलभाताईंच्या पानावर तिसरी खोली आली होती, खाली दोन नावं होती. त्याने जयेंद्रला धन्यवाद लिहिले नव्हते, मलाही नाही. फक्त आमच्या सामाईक पानावर आपली पाळी संपवून त्याने बादली पालथी घातली होती. मी चहा ठेवला आणि वाल सोलायला बसले.